खजुरी बाजारातलं जुन्या पुस्तकांचं दुकान: मुलांसाठी काय उचलावं, काय ठेवून यावं

इंदूरच्या राजवाड्याजवळचा खजुरी बाजार म्हणजे क्रमिक पुस्तकं, गाइडं आणि वह्या. शाळा उघडायच्या सुमारास तिथे पाय ठेवायला जागा नसते. तिथल्या एका अरुंद दुकानात मात्र मागच्या मांडणीवर मराठी बालपुस्तकं आहेत. राक्षस, चेटकिणी, उडत्या सतरंज्या, चांदोबाचे बांधीव खंड. इंदूरच्या मराठी घरांतले माळे रिकामे झाले की माल इथे येतो, आणि पडून राहत नाही. राक्षसाचा जीव पोपटात आहे हे माहीत असूनही मुलं तीच गोष्ट पुन्हा काढतात. अद्भुतकथेत नियम कडक असतात: वर तीनच, मागे वळून बघायचं नाही. तो नियम कोण मोडणार याची धाकधूक दहाव्या वाचनातही ओसरत नाही. पुस्तकाचा कणा मात्र त्याआधीच मान टाकतो, म्हणून इथे आधी बांधणी बघायची.

पुस्तक मधोमध उघडा. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं असेल आणि करकरलं, तर पानं सुटणार. शिवलेलं असेल तर फर्म्याच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडीच्या, मध्यावर दोरा दिसतो. दोन पैसे जास्त पडले तरी तेच घ्यावं. फर्मा बहुधा १६ पानांचा असतो, तेव्हा १७, ३३, ४९, ६५ ही पानं उलटून पाहा. अख्खा फर्मा गळालेला किंवा दोनदा लागलेला असेल तर तो इथेच सापडतो. दुकानदार हे तपासत नाही आणि विकलेलं परत घेत नाही, हा या दुकानाचा मोठा दोष. मुखपृष्ठाआतलं पानही वाचावं. ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ असेल तर निम्मी जादू गाळलेली असू शकते, आणि इथे संक्षिप्त आणि पूर्ण पुस्तकाचा भाव एकच.

इथला खरा ऐवज म्हणजे चांदोबा. १९४७ च्या जुलैत मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेल्या मासिकाची ही मराठी आवृत्ती. खंडात एखादा महिना नसला तर विक्रम-वेताळाचं अडत नाही, कारण ती गोष्ट दर अंकात पुरी होते. क्रमशः कथा मात्र लंगडी पडते, म्हणून महिने ओळीने लावून बघा. बाइंडरने कडा जास्त कापली असेल तर चित्रातल्या राजाचा मुकुट गेलेला असतो. अंकाच्या पिना न काढता शिवलेले खंड टाळावेत. पिना गंजतात आणि पान नेमकं तिथेच फाटतं.

इंदुरातल्या हिंदी माध्यमाच्या मुलांना लिपी अडत नाही, अडतात ते ‘ळ’ आणि लांब सामासिक शब्द. त्यांना मोठ्या टायपाचं, चार-पाच पानांत प्रकरण संपणारं पुस्तक द्यावं आणि पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवावं. हॅरी पॉटरचे हिंदी आणि मराठी अनुवाद दोन्ही भोपाळच्याच मंजुल प्रकाशनाचे. हिंदीतून कथानक ठाऊक असलेलं मूल ‘हॅरी पॉटर आणि परीस’ बऱ्यापैकी भरभर वाचतं. जाड पुस्तकापासून सुरुवात करू नये या नियमाला हा एकच अपवाद.

भाव तोंडी, घासाघीस चालते. चार-पाच पुस्तकं एकदम घेतली तर जास्तच. उजेड कमी आहे, मोबाइलची बत्ती लागते. पानांना कुबट वास येत असेल तर फुकटातही घेऊ नका, ती बुरशी घरच्या कपाटात पसरते. कसरीची, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीची, शंका असेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर थंड कागदाला पाणी सुटतं.