फिंगर लागून परत आलात: आता सोलापूर की पुणे?

फिंगर लागणं म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. ज्यांना आखातातून ठसे घेऊन, परत यायची बंदी घालून, हातात एक कागद देऊन विमानात बसवलं आणि जे आता आईच्या घरी पंख्याखाली पडून पुढचं काय या विचारात आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. आपल्याकडं अशा माणसापुढं दोन वाटा असतात. इथंच सोलापुरात बसायचं, नाहीतर हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुणं गाठायचं. मी दोन्ही करून बघितलंय. आठ महिने पुण्यात काढले, त्यानंतर आजपर्यंत इथं आहे.

तिसरी वाट एजंट सांगतो: "नावात थोडा फरक करू, दुसरा पासपोर्ट काढू, दुसऱ्या देशात पाठवू." त्या वाटेला जाऊ नका. नाव बदललं तरी बोटं तीच राहतात, आणि माहिती लपवून पासपोर्ट काढणं हा इथं गुन्हा आहे. एजंटचा विषय संपला.

माझं थोडक्यात. कुवैतला अकरा वर्षं एसीचं काम केलं. व्हिसा खादिमचा, म्हणजे घरगड्याचा, वीस नंबरचा, आणि काम शुवैखच्या एका दुकानात. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, दरवर्षी पैसे घ्यायचा, अकामा म्हणजे राहायचा परवाना लावून द्यायचा. एका वर्षी पैसे घेतले आणि अकामा लावलाच नाही. 2024 मध्ये 17 मार्चला अकामा नसलेल्यांसाठी माफी सुरू झाली, आधी 17 जूनपर्यंत, मग जूनअखेरपर्यंत वाढवली. दंड न भरता निघा, पुढं नवा व्हिसा मिळाला तर परत या, असा मामला होता. माझा रूममेट गेला. मी थांबलो, कारण दुकानात तीन महिन्यांचा पगार अडकला होता. सप्टेंबरात अब्बासियात चेकिंगला सापडलो. रूममेट आज पुन्हा तिकडं आहे. मी इथं आहे, आणि तो पगार कुठं आहे ते त्या दुकानदारालाच ठाऊक. तुमचाही पगार असा अडकला असेल तर सरकारच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकून ठेवा. लगेच काही होईल असं नाही, पण कुठंतरी नोंद राहते.

तर मी ऑक्टोबरात मुंबईला उतरलो ते एक पिशवी आणि एमर्जन्सी सर्टिफिकेटचा कागद घेऊन. पासपोर्ट कफीलकडंच राहिला, त्याच्या जागी वकिलातीनं हे सर्टिफिकेट दिलं. हा कागद एकाच प्रवासाचा असतो, आणि माझा तरी विमानतळावर काढून घेतला. त्याच्या आधी त्याचा मोबाईलवर फोटो काढा. का, ते पुढं येईलच.

पैशाच्या बाबतीत पुणं सरळ पुढं आहे, त्यावर वाद नको. मांजरीत कॉट बेसिसवर राहून एका डक्टच्या ठेकेदाराकडं लागलो, तर दुसऱ्याच महिन्यात हातात 24 हजार पडले. सोलापुरात सुरुवातीला याच्या निम्मे मिळाले नाहीत. शिवाय पुण्यात मोठ्या चिलरचं काम आहे. आपण तिकडं मॉलचे प्लांट सांभाळलेले असतात. इथं येऊन घरगुती स्प्लिटची जाळी धुवायची म्हणजे जीवावर येतं. सोलापुरात एसीचा धंदा मार्च ते जून. पारा 44 च्या आसपास गेला की फोन थांबत नाही, आणि पहिला पाऊस पडला की आपणच कुणाला तरी फोन करत बसतो. पावसाळ्यात काय खायचं हा प्रश्न खरा आहे. मला त्याचं उत्तर बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आणि एका दूध शीतकरण केंद्रात मिळालं, पण ते सापडायला वेळ गेला. शिवणकाम येत असेल तर इथं युनिफॉर्मचे कारखाने आहेत, टॉवेल-चादरीचे माग आहेत. मागावरचा पगार ऐकून मात्र तिकडच्या दिनाराशी गुणाकार करू नका, डोकं फिरतं.

सोलापूरचा पहिला त्रास म्हणजे पाणी. उजनी भरलेली असो नाहीतर रिकामी, आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड. तिकडं अकरा वर्षं नळ सोडला की पाणी, त्यामुळं ही सवयच मोडली होती. पहिल्या आठवड्यात रात्री दीडला आईनं हलवून उठवलं, "पाणी सुटलंय, ऊठ." अख्खी गल्ली बाहेर. मोटारी गुरगुरतायत, पायपा रस्त्यावर आडव्या. शेजारचे मामा पिंप भरता भरता म्हणाले, "आलास व्हय! सुट्टी किती दिवस?"

दुसरा त्रास हाच, आणि पाण्यापेक्षा मोठा. सुट्टी किती दिवस. सात रस्त्यावर, विजापूर वेशीत, सलूनमध्ये, लग्नात, सगळीकडं. सुरुवातीला मी "महिनाभर" म्हणायचो. मग महिना होत आला तसं घराबाहेर पडायचंच बंद केलं. आई भाजी आणायची, मी आत. या एका प्रश्नापायी मी दिवाळी झाल्याबरोबर पुणं गाठलं. तिथं कुणाला काही पडलेलं नसतं, असं ऐकलं होतं.

ते निम्मं खरं आहे. मेसमध्ये, साइटवर कुणीच काही विचारत नाही, आणि पहिले काही दिवस याचा इतका आराम वाटला की काय सांगू. पण तीच पुण्यातली माणसं कागद बघायला बसली की विचारायचं काही बाकी ठेवत नाहीत. कॉट सोडून स्वतःची खोली घ्यावी, बायको-पोरांना आणावं म्हणून हडपसर-फुरसुंगी पालथं घातलं. अकरा महिन्यांचा करार, नोंदणी, डिपॉझिट, हे सगळं तुम्हाला माहीत आहेच. एका सोसायटीत सेक्रेटरींनी विचारलं, आधी कुठं राहत होता? खरं सांगितलं, कुवैत. मग पासपोर्ट दाखवा. पासपोर्ट नाही, हा फोटो आहे. त्यांनी चष्मा वर करून मोबाईल लांब धरला, जवळ धरला. त्याच महिन्यात, 2025 च्या फेब्रुवारीत, अमेरिकेनं 104 माणसं लष्करी विमानात घालून अमृतसरला उतरवली होती, हातकड्यांची चित्रं टीव्हीवर आठवडाभर चालू होती. "म्हणजे त्यातले का तुम्ही?" असं त्यांनी विचारलं. वाईट बोलले नाहीत, चहा पण दिला. खोली दिली नाही. असं तीनदा झालं.

तरी मी पुणं सोडलं ते यामुळं नव्हे. खोली आज ना उद्या मिळाली असती. सोडलं ते एका अर्जातल्या दोन रकान्यांमुळं.

परदेशात असताना काढलेलं एनआरई खातं साधं करायला बँकेत गेलो. परत आल्यावर हे करावंच लागतं, टाळू नका. तिथं पासपोर्ट मागितला. तेव्हा वाटलं, परत जायचं असो नसो, पासपोर्ट आधी काढू. मांजरीतल्या एका सायबर कॅफेत अर्ज भरायला बसलो. त्या अर्जात स्पष्ट प्रश्न आहे: तुम्ही कधी एमर्जन्सी सर्टिफिकेटवर परत आलात का, डिपोर्ट झालात का? खरंच लिहा. सर्टिफिकेटचा नंबर, तारीख, कुणी दिलं ते सगळं विचारतात, म्हणून तो फोटो. आणि सरकारनं स्वखर्चानं आणलं असेल, तर तो खर्च भरल्याशिवाय पासपोर्ट नाकारता येतो, हेही लक्षात असू द्या. माझं तिकीट भावानं काढलं होतं, त्यामुळं ती भानगड नव्हती.

हे सगळं भरून झालं. मग कॉम्प्युटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, आता दोन ओळखीची माणसं सांगा. नाव, पत्ता, मोबाईल. जवळ राहणारी पाहिजेत."

मी गप्प. रूममेट लातूरचा, तीस तारखेला खोली सोडणार होता. मेसवाल्या मावशींकडं सहा महिने जेवलो, त्यांना मावशीच म्हणायचो, आडनाव माहीत नव्हतं. ठेकेदार राहायला खराडीला, आणि पडताळणीला पोलीस येतील असं म्हटलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवसापासून ओळख दाखवली नसती. पोरगा कर्सर त्या रकान्यात ठेवून वाट बघत होता. मागं चार जण रांगेत. त्यातला एकजण म्हणाला, "माझं टाका हवं तर." भला माणूस होता, पण त्याचं नावही मला माहीत नव्हतं. "नंतर येतो" म्हणून उठलो, अर्ज भरल्याचे पन्नास रुपये दिले आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवरून शहर सोडतात का? दोन नावं काय, कुणीही देईल. खरंय. माझ्या ओळखीतल्या एकानं पुण्यातूनच पासपोर्ट काढला, आज पिंपरीत सुखात आहे. पण मला त्या दिवशी ते झेपलं नाही.

जुलैत परत आलो. तोच अर्ज, पत्ता सोलापूरचा. दोन नावं टाकायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत: वरच्या मजल्यावरचे गुरुजी आणि कोपऱ्यावरचे किराणावाले अण्णा. पडताळणीला पोलीस आला त्या दिवशी मी बेदाण्याच्या गोदामावर होतो. पुण्यात दाराला कुलूप दिसलं असतं आणि 'पत्त्यावर राहत नाही' असा शेरा बसला असता, निदान मला तरी तशी धास्ती होती. इथं अण्णांनी त्याला दुकानात बसवला, चहा मागवला आणि मला फोन लावला, "काय करायलास बे? साहेब आलेत, ये लवकर." मी येईपर्यंत माझी सगळी कुंडली सांगून झाली होती, कुवैतसकट. पोलिसानं कागद बघितले, सही घेतली आणि जाता जाता विचारलं, "आता इथंच का?" त्याला मी पहिल्यांदा "होय" म्हणालो.

सुट्टी किती दिवस या प्रश्नाचं म्हणाल, तर तो आपोआप बंद होतो. मला साधारण गड्ड्यापर्यंत, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेपर्यंत, थांबावं लागलं. जानेवारीत यात्रेत पोराला पाळण्यात बसवून उभा होतो, तीच माणसं भेटली, आणि त्यातले दोघं म्हणाले, "आमचा एसी आवाज करतोय, येऊन बघ की."

तुमचं वय तिशीच्या आत असेल, लग्न व्हायचं असेल, किंवा व्हिसासाठी काढलेलं कर्ज दारात उभं असेल, तर पुण्याला जा, मी अडवणार नाही. आठ महिन्यांत माझंही निम्मं कर्ज तिथंच फिटलं. फक्त आधारवरचा पत्ता सोलापूरचाच राहू द्या, आणि रेशनकार्डावरचं नाव काढू नका. निघायच्या आधी आधारला चालू मोबाईल नंबर जोडून घ्या. माझा जुना नंबर बंद पडून आता बार्शीच्या एका दूधवाल्याकडं गेलाय. बँकेचे ओटीपी त्याला जायचे, आणि तो बिचारा वैतागून माझ्या भावाला फोन करायचा.

बायको-पोरं असतील, चाळिशी आली असेल, तर माझ्या मते सोलापूर. पाणी चार दिवसांआड धरूनसुद्धा.

परवा मागच्या गल्लीतला एक पोरगा आला. सौदीहून पाठवलेला, आठ-दहा दिवस झाले असतील. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. पासपोर्टच्या अर्जात नाव टाकू का, म्हणून विचारत होता. टाक म्हटलं. त्यानं मोबाईल काढून नंबर विचारला आणि मी बोलण्याच्या नादात तो जुनाच सांगून बसलो. जिन्याखाली जाऊन त्याला हाक मारून परत बोलवावं लागलं.