सरळ रेषेचा आलेख: कोष्टक की चढ?
२एक्स + ३वाय = १२ चा आलेख काढायचाय. कोष्टकाने गेलात तर एक्सला ०, ३, ६ द्या. वाय ४, २, ० येतो. तीन बिंदू, पट्टी, झालं. (एक्सला १ दिलात की वाय १०/३, आता तो ठिपका आलेख कागदावर नेमका कुठे द्यायचा, बसा शोधत!)

चढाने (चढ म्हणजे एक्स १ ने वाढला की वाय किती बदलतो तो आकडा, इथे −२/३) आधी वाय = −(२/३)एक्स + ४ असं मांडायचं: वाय-अक्षावर ४ ला बिंदू, तिथून तीन घरं उजवीकडे, दोन खाली. झटपट होतं, पण उणे चिन्ह विसरलात तर रेषा उलटी चढते आणि पत्ताही लागत नाही. कोष्टकात तिसरा बिंदू रेषेबाहेर पडला की चूक उघडी पडते. दहावीच्या पेपरात मी कोष्टकच घेईन. दोन रेषा छेदतील का, हे मात्र चढ बघताक्षणी सांगतो. एक्स = ३ सारख्या उभ्या रेषेला तर चढच नसतो.