प्रागचं ऑरलॉय, एका घड्याळजीच्या सोबतीनं

आमच्या अण्णांनी सांगलीच्या गणपती पेठेत एकेचाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. माझ्या लेकीला प्रागमध्ये नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "ते जुनं घड्याळ तिथलंच ना?" अण्णांचं वय ७९, गुडघे दुखरे. गर्दी कमी असेल म्हणून नोव्हेंबरचा दुसरा आठवडा धरला आणि जुन्या टाउन हॉलचा मनोरा, त्याच्या भिंतीवरचं ऑरलॉय हे खगोलीय घड्याळ, एवढ्यासाठीच दोन अख्खे दिवस राखून ठेवले. प्रागला जाऊन आलेले ओळखीतले बरेचजण सांगतात, "तासाला बाहुल्या फिरतात, मिनिटभरात संपतं, त्यात बघण्यासारखं काही नाही." मला ते अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चूक काय झाली ते सांगते. पहिल्या दिवशी आम्ही एका पायी फिरवणाऱ्या टूरबरोबर गेलो. गाइडनं अकराला पाच कमी असताना आम्हाला घड्याळाखाली उभं केलं. अकरा वाजले. सांगाड्याच्या पुतळ्यानं वाळूचं घड्याळ उलटं करून घंटेची दोरी ओढली, वरच्या दोन खिडक्या उघडल्या, येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती एकामागून एक डोकावून गेल्या, कोंबडा आरवला, ठोके पडले. लगेच "चला, आता चार्ल्स ब्रिज!" तबकडीबद्दल चकार शब्द नाही. वर हानुश नावाच्या कारागिरानं हे घड्याळ बनवलं आणि त्यानं दुसरीकडे तसं बनवू नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले, ही कथा इतिहास म्हणून ऐकवली. ताजमहालच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा आपल्याकडे सांगतात ना, तसलीच. खरं तर १४१० सालचा कागद सापडला आहे आणि त्यात घड्याळ करणाऱ्याचं नाव मिकुलाश असं आहे, कादान गावचा. गणित मांडायला यान शिंडेल हा ज्योतिर्विद होता असं मानतात. मिकुलाशचं नाव न घेता त्याच्याच घड्याळाखालून लोकांना पुढे हाकायचं, याचा मला खरंच राग आला. अण्णा काही बोलले नाहीत. टूर सोडून आम्ही दोघं तिथेच थांबलो.

तबकडी नीट वाचायला आम्हाला पाऊण तास लागला. आकड्यांची तीन वेगवेगळी कडी आहेत आणि एकच सोनेरी हात त्यांवरून फिरतो. रोमन आकडे आपल्या नेहमीच्या वेळेचे, पण चोवीस तासांचे. सगळ्यात बाहेरचं काळं कडं जुन्या वळणाच्या सोनेरी आकड्यांचं. ती जुनी चेक वेळ, दिवस सूर्यास्तापासून मोजायची. सूर्यास्त रोज थोडा सरकतो, म्हणून हे कडं वर्षभर थोडं पुढे, थोडं मागे फिरत राहतं. तिसरी मोजणी आतल्या वक्र रेघांची. सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळाचे बारा समान भाग, मग दिवस मोठा असो की लहान. आम्ही गेलो तेव्हा तिथलं दिनमान जेमतेम नऊ तासांचं होतं, त्यामुळे त्यातला एक तास पाऊण तासाएवढाच भरत होता. जूनमध्ये तोच ऐंशी मिनिटांवर जातो. अण्णा म्हणाले, "अगं, हे राहूकाळासारखंच झालं की!" बरोबर आहे. राहूकाळ दीड तासाचा, हे आपण दिनमान बारा तासांचं धरून म्हणतो. खरा तो दिवसाचा आठवा भाग. ज्याच्या घरात भिंतीवर कॅलेंडर आणि कपाटात पंचांग आहे, त्याला ही तबकडी अर्धी आधीच ठाऊक असते.

फक्त राशी बघताना जपून. सोनेरी राशीचक्रावर सूर्य वृश्चिकेत दिसत होता, आणि आपल्या पंचांगात त्या दिवशी तो अजून तुळेतच. घड्याळ सायन राशी दाखवतं, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या; आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या स्थिर जागांवरून मोजलेल्या. दोघांत सुमारे २४ अंशांचा फरक आहे. घड्याळ चुकलेलं नाही.

आतली यंत्रणा खालून दिसत नाही, पण तिचा हिशोब इतका सुंदर आहे की तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकाच आसावर तीन मोठी दातेरी चाकं, तिन्ही सारख्याच व्यासाची, साधारण ११६ सेंटिमीटर. त्यांना फिरवणाऱ्या छोट्या चाकांना प्रत्येकी २४ दाते. फरक फक्त मोठ्या चाकांच्या दात्यांत: राशीचक्राला ३६५, सूर्याला ३६६, चंद्राला ३७९. त्या रात्री लेकीच्या स्वयंपाकघरात अण्णांनी पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भागाकार मांडला. सूर्याचं चाक २४ तासांत फिरतं. राशीचक्राला एक दाता कमी, म्हणून ते २३ तास ५६ मिनिटांत फिरतं, आणि नक्षत्रांचा दिवस बरोबर तेवढाच असतो. चंद्राला तेरा दाते जास्त, म्हणून त्याची फेरी २४ तास ५१ मिनिटांची. चंद्र रोज साधारण तेवढाच उशिरा उगवतो, हे संकष्टी करणाऱ्या घराला वेगळं सांगायला नको. अण्णांनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "एका दात्यात वर्ष बसवलंय गं." चंद्राचा गोळाही तसाच, अर्धा चंदेरी, अर्धा काळा. त्याच्या पोटात वजन लावलेली छोटी रचना आहे. तो काट्याबरोबर फिरता फिरता स्वतःभोवतीही हळूहळू वळतो आणि कला दाखवतो.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आत गेलो. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी बिनधास्त जावं, मनोऱ्यात काचेची लिफ्ट आहे आणि व्हीलचेअरसुद्धा वर जाते. वरचा सज्जा अरुंद आहे, दोघं समोरासमोर आले की एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. समोर टीन चर्चचे दोन मनोरे, नदीपलीकडे किल्ला आणि सेंट व्हिटस चर्च. दृश्य छानच आहे, त्याचे फोटो सगळ्यांकडे असतात. तळघरंही तिकिटात आहेत, पण पायऱ्यांमुळे आम्ही ती सोडली.

चुकवू नये ते टाउन हॉलमधलं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. तिथल्या एका काचेतून प्रेषितांच्या लाकडी मूर्ती मागच्या बाजूनं, अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. खालून बोटाएवढे वाटणारे पुतळे इथे चांगलेच मोठे आहेत, आणि पीटरच्या हातातली किल्ली स्पष्ट दिसते. या मूर्ती जुन्या नाहीत. मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, टाउन हॉल पेटला. त्या आगीत आधीच्या मूर्ती जळाल्या, यंत्र होरपळलं, आणि हॉलची उत्तरेकडची बाजू गेली ती आजतागायत पुन्हा बांधलेली नाही. आताच्या मूर्ती वोयतेख सुखार्दा यांनी कोरल्या आणि १९४८ मध्ये घड्याळ पुन्हा सुरू झालं. तास भरला तसं चाक फिरलं आणि एकेक मूर्ती खिडकीशी जाऊन माघारी वळली. खाली लोकांचा गलका, वर आमच्याजवळ लाकूड सरकल्याचा आवाज. अण्णांनी सवयीनं मान तिरकी केली. दुकानात घड्याळ कानाशी धरून ते असंच ऐकायचे.

उतरल्यावर मनोऱ्याच्या पायथ्याशी फरसबंदीतले २७ पांढरे क्रूस बघा. २१ जून १६२१ रोजी याच चौकात २७ बंडखोरांना देहदंड दिला, त्यांच्या आठवणीचे ते आहेत. लोक नकळत त्यांच्यावरूनच चालत जातात.

आणि आता माझा खरा आग्रह. प्रेषित सकाळी ९ पासून रात्री ११ पर्यंत दर तासाला दिसतात, ते कधीही बघता येतील. पण एकदा सूर्यास्ताच्या वेळी तबकडीसमोर उभे राहा. आम्ही त्यासाठी चार वाजता परत आलो. आभाळ इतकं भरलेलं की खरा सूर्य तीन दिवस दिसलाच नव्हता. चारचा कार्यक्रम संपला तशी गर्दी पांगली आणि आम्हाला अगदी पुढे जागा मिळाली. तबकडीचा निळा भाग म्हणजे दिवस, त्याखालचा नारिंगी पट्टा संधिप्रकाश, तळाचं काळं वर्तुळ रात्र. उजवीकडे निळं आणि नारिंगी जिथे भेटतं, तिथे लॅटिनमध्ये सूर्यास्त असं लिहिलं आहे. हातावरचा सोनेरी सूर्य त्या रेघेला टेकला होता. बाहेरच्या कड्यावर हाताचं टोक २४ च्या आकड्याजवळ येऊन पोचलं होतं. अण्णांनी मनगट वर करून स्वतःच्या चावीच्या एचएमटीत बघितलं, चार वाजून एकोणीस मिनिटं. लेकीनं फोनवर प्रागचा सूर्यास्त काढून दाखवला, तोही तेवढाच.

थंडीनं माझे पाय बधिर झाले होते. मी म्हटलं, "अण्णा, चला, कुठे तरी गरम सूप घेऊ." ते जागचे हलले नाहीत. म्हणाले, "थांब गं, त्यांचा दिवस आत्ता सुरू झालाय. एक वाजू दे."