अनामत रक्कम: भाड्यात वळती करावी की घर सोडून मागावी?

भाड्याचे घर सोडताना अनामत अडकण्याची शंका असेल, तर भाडेकरूसमोर दोन मार्ग असतात: शेवटच्या महिन्यांचे भाडे न देता ते अनामतीतून वळते करणे, किंवा भाडे शेवटपर्यंत चुकते करून, किल्ली देऊन मग रक्कम मागणे. मालक मुंबईत आणि किल्ली शेजाऱ्यांकडे, ही रत्नागिरी-चिपळूणकडची नेहमीची व्यवस्था असेल, तेव्हा पहिला मार्ग अधिक सोयीचा वाटतो, कारण मग पैशासाठी कोणाच्या मागे लागावे लागत नाही.

मात्र मालकाची संमती नसेल, तर असे न दिलेले भाडे थकबाकी ठरू शकते. संमती व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी मिळाली तर हाच मार्ग उत्तम. नसेल तर तो मी सुचवणार नाही. अनामत मिळेपर्यंत घर अडवून बसणे तर त्याहून महागात पडते: लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याच्या कराराची) मुदत संपल्यावरही ताबा ठेवल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 24 नुसार ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

दुसऱ्या मार्गाची सारी भिस्त पुराव्यावर असते. आपल्याकडे जांभ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल चढते, तळाच्या हातभर रंगाचे पोपडे सुटतात, खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज गंजतात, आणि नेमका हाच खर्च मालक अनामतीतून कापू पाहतो. ही हवेने झालेली झीज आहे, भाडेकरूने केलेली नासधूस नव्हे. पण ते दाखवायला राहायला येतानाचे आणि सोडतानाचे तारखेसह फोटो हवेत. महावितरणचे शेवटचे बिल भरून मीटरचे वाचन टिपावे. किल्ली शेजाऱ्यांकडे नुसती ठेवून निघू नये. ती कोणत्या तारखेला कोणाला दिली याची लेखी पोच घ्यावी, नाहीतर ताबा मिळालाच नव्हता असे म्हणायला मालक मोकळा राहतो.

करार नोंदवलेला नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी, नोंदणीकृत करार नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अनामत बँकेतून दिली असेल तर हे कलम खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. रोख देऊन पावती न घेणाऱ्याला रक्कम दिल्याचेच आधी सिद्ध करावे लागते.

तरीही पैसे आले नाहीत, तर स्पीड पोस्टाने, पोहोचल्याच्या पुराव्यासह नोटीस पाठवावी. त्यानंतर निवड उरते ती लोकअदालत आणि दिवाणी दावा यांत. लोकअदालतीसाठी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व (दावा दाखल होण्याआधीचे) प्रकरण नेल्यास न्यायालयीन शुल्क लागत नाही, आणि तडजोड झाली तर निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे (न्यायालयाच्या आदेशाचे) बळ येते व त्यावर अपील होत नाही. पण मालक आलाच नाही किंवा अडून बसला, तर हाती काहीच लागत नाही. दाव्याला शुल्क, वकील आणि वेळ लागतो, तरी विरोधी पक्षाच्या मर्जीवर तो अवलंबून नसतो. घर रत्नागिरीत असेल तर मालक डोंबिवलीत राहतो म्हणून तिकडे जावे लागत नाही. रक्कम एक-दोन भाड्यांइतकीच असेल, तर लोकअदालत. मोठी असेल आणि मालक फोनही उचलत नसेल, तर थेट दावा, असे माझे मत आहे. मात्र रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो दाखल व्हायला हवा.

मालकाने धनादेश दिला आणि तो खात्यात पैसे नसल्याने वटला नाही, तर धनादेशांबाबतच्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 चा फौजदारी मार्गही खुला होतो. त्यासाठी बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यावर पैसे देण्यासाठी मालकाला 15 दिवस असतात.