पासवर्ड मॅनेजर की पाठ केलेले पासवर्ड?

मावशी विचारत होत्या, पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद जपून ठेवणारं अ‍ॅप, घेऊ की पासवर्ड पाठच करू? पैशांचा प्रश्न नाही. बिटवॉर्डन, कीपास असे मॅनेजर फुकट मिळतात. ‘खलबत्ता-ढग-पितळ-चकवा-सुतळी’ असा शब्दांचा पासवर्ड सहज पाठ होतो, पण ते शब्द एखाद्या शब्दयादीतून फासे टाकून निवडावेत. नातवाचं नाव आणि जन्मसाल नकोच. असे तीस पासवर्ड मात्र लक्षात राहत नाहीत. मग एकच सगळीकडे वापरला जातो आणि एक साइट फुटली की बाकीची खातीही उघडी पडतात. मॅनेजर प्रत्येक खात्याला वेगळा देतो. शिवाय बँकेच्या नकली साइटवर तो पासवर्ड आपणहून भरत नाही, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. मॅनेजर उघडण्याचा मुख्य पासवर्ड विसरलात तर मात्र कंपनीही तो सांगू शकत नाही.

दोन-तीनच खाती असतील तर पाठांतर पुरे. जास्त असतील तर मॅनेजरच घ्या, आणि त्याचा मुख्य पासवर्ड असाच शब्दांचा करून कागदावर लिहून कपाटात ठेवा.