गिल्ड वॉर्स २ : २८ ऑगस्टची वाट बघताना

गिल्ड वॉर्स २ हा हजारो लोकांनी एकाच जगात एकत्र खेळायचा ऑनलाइन गेम. तो यायचाय २८ ऑगस्ट २०१२ ला आणि मी त्याच ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परीक्षण लिहायला बसलेय. म्हणून आधीच सांगते, हे मत एप्रिल, जून आणि जुलैच्या बीटा वीकेंडना (गेम येण्याआधी चाचणीसाठी खेळू देतात ते शनिवार-रविवार) जेवढं खेळायला मिळालं तेवढ्यावरून बनलेलं आहे. ऐंशीव्या लेव्हलला काय होतं, ड्रॅगन कसा मरतो, यातलं काही मी बघितलेलं नाही. पहिल्या काही लेव्हल मात्र नीट बघितल्यात. माझ्या मते या जातीच्या गेमचा स्वभाव तिथेच कळतो.

माझी सुरुवात रॅग्नारॉक ऑनलाइनने झाली. लेव्हल अप या कंपनीने तो भारतात आणला तेव्हा भांडुपला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत मी आणि धाकटा भाऊ जायचो. मुलगी म्हणून मालक मला काउंटरच्या बाजूचा पीसी द्यायचा आणि त्याचाच माऊस सगळ्यात चांगला असायचा, त्यामुळे माझी तक्रार नव्हती. त्या कॅफेत दिवसभर एकच आरोळी ऐकू यायची, "केएस केलं रे!" म्हणजे तुम्ही एखाद्या राक्षसाला अर्धा मारून ठेवलाय आणि तिसराच कुणी येऊन दोन फटक्यांत संपवतो. अनुभव त्याला, लूटही त्याला. त्यावरून खरी भांडणं झालेली मी बघितली आहेत, एकदा तर कॅफेच्या बाहेर फुटपाथवर. त्या सगळ्या जुन्या गेममध्ये दुसरा खेळाडू दिसला की पोटात गोळा यायचा. सकाळच्या कर्जत लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी कुणी समोर येऊन उभं राहिलं की आपण जसे खिडकीबाहेर बघतो, तसंच.

गिल्ड वॉर्स २ मध्ये ही भीती काढून टाकलीय. माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, बाकी सगळं त्यानंतर. एकाच राक्षसाला दहा जणांनी मारलं तर पुरेसा हातभार लावणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण अनुभव मिळतो आणि प्रत्येकाची लूट वेगळी. खाणीतलं तांबं, जंगलातलं लाकूड, परसातला कांदा, तुम्ही तोडला तरी माझ्यासाठी तो तिथेच असतो. एका पार्टीत, म्हणजे गटात, असायची गरज नाही, बोलायची तर नाहीच. पडलेल्या माणसाला कुणीही उठवू शकतं, पात्राचा कुठलाही प्रकार घेतलेला असो, आणि उठवणाऱ्याला त्याचा अनुभवही मिळतो. त्यामुळे बीटामध्ये एक दृश्य सारखं दिसायचं. रस्त्यात कुणी मरून पडलंय, चार जण धावत चाललेत, आणि चौघंही थांबतात. कुणी कुणाला ओळखत नाही. एकदा मला उठवणारा 'थँक्स' टाइप करेपर्यंत निघूनही गेला होता.

माणसांचा सुरुवातीचा भाग म्हणजे क्वीन्सडेल. तिथे डाया नावाच्या बाईचं शेत आहे. नकाशावर हृदयाची खूण दिसते. तिथे काही ना काही मदत केली की ती हळूहळू भरत जाते. जुन्या गेममध्ये या बाईच्या डोक्यावर उद्गारचिन्ह असतं आणि 'दहा किडे मारून आण' असं तिने सांगितलं असतं. इथे शेतातले मोठे किडे मारले तरी चालतं, त्यांची बिळं पायाने तुडवली तरी चालतं, नाहीतर बादली घेऊन पिकाला पाणी घाला. भाऊ किडे मारत होता. आई पाठीमागे येऊन उभी राहिली, तेव्हा मी तिला खुर्चीत बसवलं आणि पाणी घालायला लावलं. बराच वेळ ती मन लावून पाणी घालत होती. हृदय भरलं, पैसे मिळाले. "पाणी घालायचे पैसे? गावाला तुझ्या आजीला कुणी दिले नाहीत कधी," असं म्हणून ती कुकर बंद करायला गेली. आईला खेळायला जमलं एवढ्यावरून गेम सोपा आहे असं समजू नका, पण दार रुंद आहे एवढं नक्की.

त्याच शेताच्या आसपास घटना आपोआप सुरू होतात. डाकू येतात, गवताच्या गंजी जाळायला लागतात, कुणी आलं नाही तर जाळूनही टाकतात. माणसं जमली तर डाकूही वाढतात. शेवटी कामाप्रमाणे सोनं, रुपं किंवा कांस्य पदक. कंपनीने जाहिरातीत या घटनांबद्दल जेवढं बोललंय तेवढं मला पटलेलं नाही. तीच घटना थोड्या वेळाने पुन्हा होते, डाकूंना काही शरम नाही. जग बदलतंय वगैरे म्हणणं जास्तच झालं. पण आपण रस्त्याने चाललोय, डावीकडे आरडाओरडा ऐकू येतो आणि पाय तिकडे वळतात, हे खरं आहे. क्वेस्टची, म्हणजे नेमून दिलेल्या कामांची, यादी घेऊन फिरण्यापेक्षा मला हे कितीतरी आवडलं.

आणखी एक व्यवस्था आहे, तिची चर्चा कमी होते. वरच्या लेव्हलचा खेळाडू खालच्या भागात गेला की त्याची ताकद त्या भागापुरती उतरवली जाते. माझा भाऊ कॉलेजात आहे, त्याला वेळच वेळ. मी दादरला एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवते, संध्याकाळी मान वर करवत नाही. आतापर्यंतच्या प्रत्येक गेममध्ये तो पंधरा दिवसांत माझ्या इतका पुढे जायचा की एकत्र खेळणं संपलंच. इथे तो कितीही पुढे गेला तरी माझ्याबरोबर डायाच्या शेतात येऊन किडे मारू शकतो, आणि कंटाळणारही नाही.

आता मारामारी. एका वेळी दहाच कौशल्यं असतात. पहिली पाच हातातल्या शस्त्रावर ठरतात, उरलेल्यांत एक बरं होण्याचं, तीन मदतीची आणि एक मोठं. शस्त्र बदललं की पहिली पाच बदलतात. मी इंजिनिअर घेतलाय. त्याच्याकडे रायफल, ज्वाला फेकणारं यंत्र, जमिनीवर लावायच्या तोफा, औषधाच्या बाटल्या असं सगळं सामान असतं आणि खेळताना तो सतत गडबडीत असतो. माझ्या धंद्याला साजेसा. वंश 'चार' (Charr, आकडा नव्हे). हे शिंगवाले, मांजराच्या तोंडाचे लढवय्ये. शस्त्र म्यान केलं की चारही पायांवर धावतात आणि ते बघण्यातच माझी पहिली रात्र गेली. जुलैच्या बीटात असुरा आणि सिल्व्हारी उघडले. सिल्व्हारी म्हणजे झाडापासून जन्मलेली माणसं. सुंदर आहेत, पण मला झेपली नाहीत. असुरा मात्र जमले. गुडघ्याएवढे, मोठ्या कानांचे, आपल्याशिवाय सगळे मठ्ठ आहेत अशी खात्री असलेले शास्त्रज्ञ. २५ तारखेला (आधी पैसे भरलेल्यांना तीन दिवस आधी आत सोडणार आहेत) मी 'चार' सोडून असुरा घेणार की काय, हे अजून ठरत नाहीये.

फटका चुकवायला दिशेचं बटण दोनदा दाबायचं, की कोलांटी. दमाची पट्टी असते, ती भरलेली असेल तर लागोपाठ दोनच कोलांट्या. कोलांटी जेमतेम पाऊण सेकंद वाचवते. इथे मुंबईकरांनी कान द्या. सर्व्हर अमेरिकेत आणि युरोपात आहेत, आपल्या बाजूला एकही नाही. आपण बटण दाबलेलं युरोपात पोचून परत यायला चांगल्या दिवशी सेकंदाचा सहावा-सातवा भाग लागतो. अमेरिकेला त्याहून बराच जास्त. म्हणजे राक्षसाने हात उचलला की दाबायचं, हात खाली यायची वाट बघायची नाही. ही सवय लागते. मात्र आमच्या एरियातल्या केबलवाल्याचं नेट पावसाचे चार थेंब पडले की मान टाकतं, त्याची सवय लागत नाही. जूनच्या बीटाचा शनिवार मी त्याला फोन करण्यात घालवला. "मॅडम, लाइनमन निघालाय." लाइनमन सोमवारी आला.

ठरलेला हीलर (बाकीच्यांना बरं करणारा) नाही, ठरलेला टँक (मार अंगावर घेणारा) नाही, ज्याने त्याने आपलं बघायचं. बाहेर मोकळ्या मैदानात हे छान चालतं. पाच जणांनी अंधारकोठडीत, म्हणजे गटाने खेळायच्या बंदिस्त भागात, उतरलं की मात्र काय करायचं ते कुणालाच कळत नाही. अॅस्कलॉनच्या भुयारांत आम्ही पाच जण पाच दिशांना पळत होतो आणि भुतं आरामात एकेकाला टिपत होती. सरावाने सुधारेल, असं आमच्या गटातला कल्याणचा पोरगा म्हणतो. मला खात्री नाही. भूमिका नसल्या की सुसूत्रता कुठून आणायची, याचं उत्तर गेमने अजून दिलेलं नाही. मोठ्या लढाईत तर पडद्यावर इतक्या ठिणग्या आणि ज्वाला असतात की राक्षस शोधावा लागतो.

आणि कथा. माणूस निवडला तर सुरुवातीला प्रश्न विचारतात, गरीब वस्तीतला, सामान्य घरातला की सरदाराचा, आणि आयुष्यात कसली खंत आहे. त्यात एक उत्तर आहे की सर्कशीत जायची संधी आली होती, मी नाही म्हटलं. असं उत्तर सुचणाऱ्या लेखकावर माझा जीव जडला. पण त्यानंतरचे संवाद रंगवलेल्या पडद्यासमोर दोन पुतळे उभे करून म्हणायला लावल्यासारखे आहेत. सर्कशीची खंत असलेला माणूस आणि नसलेला माणूस, दोघं एकाच सुरात बोलतात.

पैशांचं बोलू, कारण आपल्याकडे खरा प्रश्न तोच. किंमत २०१२ मध्ये ५९.९९ डॉलर होती, तेव्हाच्या भावाने तीन हजार तीनशेच्या आसपास. महिन्याची फी नाही. पहिल्या गिल्ड वॉर्सलाही, २००५ पासून, नव्हती, म्हणून या वचनावर माझा विश्वास आहे. बाकीच्यांची नेहमीची फी १४.९९ डॉलर. म्हणजे महिन्याला आठशेच्या वर आणि वर्षाचे जवळपास दहा हजार, ते पण बाहेर चालणारं क्रेडिट कार्ड असेल तर. मी वहिनीचं वापरलं आणि रोख हातात दिले. फीचा अजून एक त्रास म्हणजे खेळलं नाही तर पैसे वाया जातायत असं वाटत राहतं. लॅबमध्ये काम जास्त असलेल्या महिन्यात गेम हा हप्ता होऊन बसतो. गेल्या डिसेंबरला एवढ्या गाजावाजाने आलेला स्टार वॉर्सचा ऑनलाइन गेम आता फुकटचा पर्याय देणार, अशी घोषणा ३१ जुलैला झालीच. फीचे दिवस भरत आलेत असं दिसतंय.

इथली कमाई रत्नांच्या दुकानातून होणार. खऱ्या पैशाने रत्नं घ्यायची, किंवा गेममधलं सोनं देऊनही घेता येतात. आतापर्यंत तिथे कपडे, सोयी आणि किल्लीने उघडायच्या पेट्या आहेत. पेट्यांकडे माझं लक्ष राहील. आत काय निघेल ते माहीत नसताना किल्ली विकणं हा लॉटरीचा धंदा आहे आणि तो वाढला तर सगळ्यात आधी मी ओरडेन.

तीन सर्व्हरची आपापसातली मोठी लढाई ही आपल्यासाठी खास मजेची जागा आहे, कारण ती चोवीस तास चालू असते. युरोपच्या सर्व्हरवर आपली सकाळची साडेसात म्हणजे त्यांची पहाटेची चार. त्यांचे किल्ले राखायला कुणी नाही, आणि आपण चहा पिऊन ताजेतवाने. जुलैच्या रविवारी सकाळी आमच्या मूठभर मंडळींनी दरवाजा फोडायचं यंत्र उभं करून एक गढी घेतली, समोर फक्त सर्व्हरने ठेवलेले पहारेकरी होते. पराक्रम म्हणावा का, यावर आमच्यात वाद आहे. भाऊ म्हणतो, शिवकालातही रात्रीच चढायचे. मी म्हणते, तेव्हा वर कुणीतरी जागं असायचं. पण युरोपातले गिल्ड, म्हणजे खेळाडूंचे संघ, आपल्या वेळेची माणसं शोधत फिरणार हे नक्की, तेव्हा भाव खाऊन घ्या.

मशीनबद्दल थोडक्यात. कंपनीने २०१२ मध्ये किमान म्हणून कोअर टू ड्युओ २ गिगाहर्ट्झ, २ जीबी रॅम, जीफोर्स ७८०० आणि डिस्कवर २५ जीबी जागा सांगितली होती. किमान म्हणजे चालू होईल, शंभर माणसांच्या लढाईत हलेल असं नाही. लॅमिंग्टन रोडला कार्ड घ्यायला जाणार असाल तर आधी प्रोसेसर बघा. बीटात तरी भार त्याच्यावर जास्त पडत होता. आणि ज्यांच्या नेटला डेटाची मर्यादा आहे त्यांनी डाउनलोड आत्तापासून सुरू करा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

मी एप्रिलमध्येच पैसे भरले, त्यामुळे मला २५ ऑगस्टपासून खेळता येईल. तो शनिवार आहे, लॅबला अर्धा दिवस. तुम्हीही भरा असं मी म्हणत नाही. मे महिन्यात डायब्लो ३ च्या पहिल्या दिवशी जगभरातले लोक लॉगिनच्या खिडकीसमोर एरर ३७ बघत बसले होते आणि त्याच आठवड्यात कुणीतरी आत जायलाच हवं होतं असं काही नव्हतं. सप्टेंबरात गणपती आहेत, ते झाल्यावर घेतलात तरी डायाचं शेत तिथेच असेल आणि किडेही. येणार असाल तर युरोपचा सर्व्हर घ्या. आमचा गट तिकडेच जाणार आहे, नाव कुठलं ते २५ ला कळेल. सकाळी साडेसातला गढीवर यायची तयारी ठेवा, चहा ज्याचा त्याने.