जीन ऑट्री की रँडॉल्फ स्कॉट?

कमी पैशांत काढलेले जुने काउबॉयपट बघायचेत, पण जीन ऑट्री आणि रँडॉल्फ स्कॉट या हॉलीवूडच्या नटांपैकी सुरुवात कोणापासून करू, असं भाच्याने विचारलं. वेळ दोन्हीकडे थोडाच: रिपब्लिक स्टुडिओचे ऑट्रीपट साधारण तासाभराचे, तर दिग्दर्शक बड बेटिकरने स्कॉटला घेऊन केलेला 'राइड लोनसम' (१९५९) ७३ मिनिटांचा.

ऑट्री गातो, त्याचा चॅम्पियन घोडा दौडतो, खलनायक लगेच ओळखू येतो. कथा बेताचीच. स्कॉटकडे माणसं मोजकी, नेपथ्य म्हणजे कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळचे ओबडधोबड खडक. पण तिथला खलनायकही इतका जिवंत, की तो मेल्यावर मला हळहळ वाटते. एवढ्या थोड्या खर्चात हे साधणं थोरच!

मुलाबाळांसोबत जेवताना बघायचं असेल तर ऑट्री. रात्री एकट्याने, मन लावून बघणार असशील तर स्कॉट.